आदल्या वजनाचा गूळ

खुर्चीत बसण्याआधी सर तिचे दोन्ही हात दाबून बघायचे आणि तिलाच विचारायचे, "पेलवंल न्हवं गं, माजे आये?" आष्ट्याच्या आमच्या शाळेत ते खेळ शिकवायचे, म्हणजे ते शिट्टी वाजवायचे आणि पोरं पळायची. आम्ही बाकीचे शिक्षक हसलो की तेही हसायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लोकांच्या आधी स्वतःच स्वतःला हसून मोकळी होतात.

सांगलीत त्यांची बायपास झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "वजन उतरवायचंच आहे, पण सावकाश. आधी छातीची जखम भरू दे. डाळी, अंडी पोटभर खा. रोज थोडं चाला."

पण ऑपरेशन चालू असताना वहिनी देवीला नवस बोलून बसल्या होत्या: धनी घरी आले की गूळतुला करीन. आमच्याकडे तुला देवळापुढे होते. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा आणि भोवती सगळं गाव. मग तो गूळ घरोघर वाटतात. सरांची तुला पुढल्या महिन्यातल्या पौर्णिमेला ठरली.

मी भेटायला गेले तेव्हा सर हळूच म्हणाले, "आवं बाई, देवीची लाज न्हाई वाटत. पर ढेपंवर ढेप चढणार आन् शाळंतली पोरं बघत ऱ्हाणार." या वेळी ते हसले नाहीत.

त्यांनी जेवणच तोडलं. ताटातली भाकरी गुपचूप घरामागच्या परड्यातल्या म्हशीला जायची. येणारा-जाणारा म्हणायचा, "सर, लय उतरलाय की! झ्याक!" तेवढ्यानं त्यांना आणखी हुरूप यायचा.

जखम मात्र भरेना. ती चिघळली आणि त्यांना पुन्हा सांगलीला न्यावं लागलं. मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा डॉक्टर त्यांच्यावर चिडले होते. "उपाशी अंगानं जखम भरते होय? वजन उतरवायला सगळा जन्म पडला होता!"

सरांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. "लाज वाटत हुती, डॉक्टर," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मी डबा उशाशी ठेवून बाहेर आले.

तिथून ते परत आले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींकडे गेले. पुढच्या सोप्यात पोत्याखाली ढेपांची रास तशीच होती. मी तिच्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आदल्या वजनाचा आनलाय," त्या म्हणाल्या, "वर दोन ढेपा जादा. माजा माणूस कसा भरदार हाय, गावाला दिसू दे म्हनलं. त्यास्नी ठावं नव्हतं. पारड्यात बसल्यावर सांगणार हुते."