नवसाचं दूध

माझ्या तोंडून हे अजून एकदाही निघालेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळ नाही — आणि देवाला तर मी यात ओढलंच होतं, मग त्याच्याजवळ कुठल्या तोंडानं जाणार? तुमच्याजवळ बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

कुठून सुरू करू? पोळा होऊन गेला होता. आर्णीकडच्या आमच्या काळ्या मातीत त्या दिवसांत सकाळ नीट उजाडतच नाही. झिमझिम चालू असते, कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी झालेली असते, आणि गोठ्यातला धूर बाहेर न जाता तिथंच तरंगत राहतो. त्या धुरात दूध काढायला बसलं की आपण अजून उठलोच नाही असं वाटतं. पुढचं सगळं मला तसंच आठवतं — धुरातून, हळूहळू, आवाज नसल्यासारखं. पण मी चांगली जागी होते, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या गावात बायांचं दूध संकलन केंद्र आहे आणि मी त्याची अध्यक्ष. डेअरीच्या मॅडम येऊन सांगून जायच्या, ते मी सगळ्यांना आपल्या बोलीत समजावून द्यायचे. जनावर जे खातं, त्याच्या कातडीला जे लागतं, ते दुधात उतरतं. सायीत जाऊन बसतं, उकळून जात नाही. नमुन्यात ठरल्यापेक्षा जास्त निघालं तर अख्ख्या गावाचं दूध बंद. जनावराला औषध दिलं तर बाटलीवर लिहिलेले दिवस दूध घालायचं नाही. आणि कपाशीचं औषध जनावराच्या अंगाला लावायचंच नाही — त्यानंतर दूध कधी चांगलं होतं, ते कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं. हे शेवटचं मी फार ठासून सांगायचे. बाया माना डोलवायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठ असेलच.

त्या वर्षी आमच्या म्हशीला गोचीड लागले. पार कासेपर्यंत. डॉक्टर दोन दिवसांनी येतो म्हणाले होते. कपाशीच्या फवारणीच्या पंपाच्या तळाला थोडं औषध उरलेलं होतं. मी त्यात फडकं बुडवलं आणि म्हशीच्या अंगावरून फिरवलं — पाठ, मांड्या, कास. का? कोणी सांगितलं नव्हतं. नवरा शेतात होता. गोचीड टपाटप गळून पडले आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

संध्याकाळी धार काढताना हात थांबला. हे दूध केंद्रावर नेलं आणि नमुन्यात सापडलं तर? आणि खरं सांगितलं तर — अध्यक्षबाईंनी पुन्हा कुणाला शिकवायला तोंड उघडावं कसं? मग ओतून द्यावं, नाही का? दिलं की. दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या नालीत ओतलं. ते पांढरं पाणी पावसाच्या पाण्याबरोबर वाहत गेलं — शेजाऱ्याच्या कुंपणाखालून, वळण घेऊन, थेट हापशीपर्यंत. मी बघत उभी राहिले. काय सांगू, सुंदर दिसत होतं. हापशीवरच्या बायांनी विचारलं, एवढं दूध कोणाचं सांडलं? मांजरानं सांडलं म्हटलं. रोज मांजर कुठून आणणार?

म्हणून मी सासूबाईंना सांगितलं की मी नवस बोलले आहे. पंधरवडाभर म्हशीचं दूध ओल्या बाळंतिणीला द्यायचं. विकायचं नाही, घरच्यांनी तोंडाला लावायचं नाही. कोणत्या देवाला, कशासाठी — कोणी विचारलं नाही. नवसाला कोण विचारतं? केंद्रावरच्या बायांनी तर हात जोडले. सासूबाईंनी चरवीला हळदकुंकू लावलं. घरात पाकिटाचं दूध आलं आणि माझ्या लेकाच्या कपात तेच जात राहिलं. बघा, केवढा नीट विचार केला होता मी.

नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली जमना आमच्या शेतात निंदायला यायची. तिला मुलगी झाली होती आणि अंगावर दूध उतरत नव्हतं.

ते दूध मी तिला पाजलं. माहीत असून. पंधरवडाभर, माझ्या हातानं. केंद्रावर येणाऱ्या दुधाचा नमुना घेतात, फुकट वाटलेल्या दुधाचा कोणी घेत नाही — हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर दिलं.

एका सकाळी ती पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. म्हणाली, "काकू, तुमच्या दुधानंच मले दूध उतरलं. पोरगी आता पोटभर पिऊन राह्यली."

पोरीच्या ओठाच्या कडेला एक थेंब होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हशीतून जमनाच्या अंगात, जमनाच्या अंगातून हिच्या — मीच शिकवलं होतं ना सगळ्यांना? मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशीही चरवी घेऊन गेले. तांड्यात आईला याडी म्हणतात. तेव्हापासून जमना मला याडी म्हणते.

पोरगी आता शाळेत जाते. धावते, भांडते, सगळं ठीक दिसतं. ती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघते. आत काय राहिलं असेल, काही राहिलंच नसेल — कोण सांगणार? आणि ती बरी आहे म्हणून मी केलेलं पुसलं जातं का? मला नाही वाटत.

परवा जमना आली. तिनं आता गाय घेतली आहे, तीही केंद्रावर दूध घालते. ओट्यावर बसली, हातातला गडवा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "याडी, गायले गोचीडाचं औषध लावलं होतं. तुम्ही सांगतलं तितके दिवस दूध खड्ड्यात टाकलं. घरात लय कल्ला झाला, तरी टाकलं. आजचं पयलं चांगलं दूध हाय, म्हून पयले तुमच्या घरी आनलं."

मी ते तापवलं आणि तिच्यासमोर प्याले. तेव्हाही मी तिला काही सांगितलं नाही.