म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना माझं मलम

डॉक्टरांनी छाती दाबली तसा माझा नवरा ओरडला, आणि पडद्यापलीकडे बसलेल्या नणंदेने गळा काढला, "मना भाऊ गया वं!"

म्हाताऱ्याने आतूनच दम दिला, "चूप ऱ्हाय! अजून शे मी."

तो स्टुलावर उघडा बसला होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची छाती दोन्हीकडून बाईसारखी फुगली होती आणि हात लावला की दुखत होती. गल्लीने ठरवूनच टाकलं होतं की कॅन्सर आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण केळी आणायचा, म्हातारा ती खायचा. नणंद दीपनगरहून आली ती कपड्यांचं भलं मोठं बोचकं घेऊन, तेराव्यापर्यंत राहायच्या तयारीने. मी रडले नव्हते. पण हा गेला तर कसं, याचा विचार गोठ्यात बसून केला होता, आणि तो मला अजिबात आवडला नव्हता. म्हणून त्याला धुळ्याला आणलं.

"बाबा, गोळ्या कोणत्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बीपीन्या."

"अजून काही? लेप, मलम?"

"गुडघासले लावस ते," म्हणत त्याने सदऱ्याच्या खिशातून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

ती माझी होती.

माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. नंतर खाली कोरडं पडायला लागलं, लघवीला आग व्हायची, बसलं तरी टोचायचं. धुळ्यातल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कधी कॅन्सर झाला होता का, रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, अंगावरून काही जातं का, सगळं विचारलं आणि मग हे हार्मोनचं मलम दिलं. सुरुवातीला रोज, पुढे आठवड्यातून दोनदाच. झोपताना, सोबतच्या नळीत खुणेपर्यंत भरून. नंतर हात धुवायचे. थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच यायचं. मी सगळं पाळलं. फक्त ट्यूब आरशाजवळच्या भिंतीतल्या देवळीत ठेवली.

आमच्या घरात झाकण उघडलेली ट्यूब देवळीत जाते आणि मग ती सगळ्यांची होते. गाईच्या सडांचं मलम म्हातारा स्वतःच्या टाचांना लावायचा, आणि टाचा खरंच मऊ राहायच्या. तेव्हापासून त्याचं मत पक्कं झालं की मलम म्हणजे मलम. माझी ट्यूब भराभर संपायला लागली तेव्हा मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, मी कशाला लावू? मला काय झालंय?" मी दुसरी आणली. म्हाताऱ्याचं मला तेव्हा माहीतच नव्हतं: तो आंघोळ करून आला की बोटभर घेऊन दोन्ही गुडघे चोळायचा आणि हाताला राहिलेलं छातीला पुसायचा. वाया घालवायचं नाही.

डॉक्टरांनी ट्यूबवरचं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आजी, हे कुठे लावायचं ते सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. मला. ह्यांनी विचारलंच नाही."

नणंद डोळे पुसत पडद्याआडून डोकावली. "कोठे लावतस मंग?"

"जिथून पोरं होतात तिथे."

कंपाउंडर बाहेर निघून गेला. म्हातारा आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला. म्हणाला, "पन मना गुडघा बरा व्हयना ना!" गुण आला होता म्हणे.

डॉक्टर म्हणाले, बाईचं औषध कातडीतून याच्या अंगात गेलं, त्याची ही सूज दिसते. तरी खात्री करायला सोनोग्राफी केली. गाठ नव्हती. मी विचारलं, मग मला काही होणार नाही ना? ते म्हणाले, तुमचं माप थोडं आहे आणि जागच्या जागी आहे, तेवढंच ठेवा, डॉक्टरीणबाईंना दाखवत राहा, आणि नातवंडांचा हात पोचेल असं ठेवू नका.

रिक्षात म्हातारा पुढे ड्रायव्हरजवळ बसला. नणंद माझ्या कानाशी आली. "माले बी तशीच जळजळ व्हस, वहिनी. कोणले सांगू?"

"डॉक्टरीणबाईंना. माझी ट्यूब मागू नका, मिळणार नाही. तुम्हाला काय आहे ते त्या आधी बघतील, मग देतील."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. मग ती बोचकं न सोडताच दीपनगरला परतली.

ट्यूब आता माझ्या पेटीत असते, किल्ली कमरेला. मलम बंद केल्यावर म्हाताऱ्याची सूज हळूहळू उतरली, पावसाळा संपेपर्यंत छाती पूर्वीसारखी झाली. तो जिवंत आहे. गुडघे दुखतात.