मुकं इंजिन

मौन ही साधनेची शेवटची पायरी आहे, असं आमचे मिस्त्री मानतात. हे मौन इंजिनाचं. स्वतः ते घोडेगावच्या बाजारात म्हशीचा सौदा केल्यासारखे बोलतात.

राहुरीच्या एका बागायतदारांनी जुनी संस्थानी मोटार घेतली आणि मुलाच्या लग्नाच्या मिरवणुकीसाठी मिस्त्रींकडे आणली. मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचे आणि इंजिन चालू ठेवून बॉनेटवर चहाचा भरलेला ग्लास ठेवायचे. चहा हलला की तो पिऊन दुसरा मागवायचे.

"मिस्त्री, नवरदेवाला घोड्यावर बसवू का?" बागायतदार वैतागले.

"बसवा की! पर घोडं फुरफुरतं. ही न्हाई फुरफुरनार."

लग्नाच्या सकाळी चहा हलेना. स्टिअरिंगवर मिस्त्री स्वतःच बसले. मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेव गाडीत बसला, तेव्हा आपलं काम लोकांना ऐकू यावं म्हणून मिस्त्रींनी बँड थांबवायला लावला. सगळीकडे शांतता पसरली.

"बंद पडली!" कुणीतरी ओरडलं.

"चालू हाय!" मिस्त्री किंचाळले.

"आसूं द्या, मिस्त्री. वय झालंय तिचं," म्हणत, मिस्त्रींनी गिअर टाकायच्या आत भावकीने गाडीला खांदा लावला आणि ती मंडपापर्यंत ढकलत नेली.

इंजिन शेवटपर्यंत चालू होतं.