शेजारघरचं यीस्ट

पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या बाईंना सगळे ‘बिअरच्या मॅडम’ म्हणतात, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. बिअर बनवण्याचं शास्त्र त्या कॉलेजात एमएस्सीच्या मुलांना शिकवतात. चहासुद्धा आधी हुंगतात, मग पितात. कॉलेजचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढतो. “छोटी ब्रुअरी आहे, चव घ्यायला वेगळी खोली आहे, यीस्टचा साठा आहे. अजून काय पाहिजे, सांगा!” मी माझ्या ऑफिसबद्दल इतक्या ठसक्यात कधी बोललेली नाही.

त्या यीस्टच्या दोन नळ्या त्यांनी आमच्या फ्रीजमध्ये आणून ठेवल्या. “सगळा साठा कॉलेजातच नको. एकाच घरावर भरवसा ठेवायचा नसतो.”

सासूबाई म्हणाल्या, “दारूचं काय बी माझ्या दह्याजवळ नगं.”

“आजी, हेही विरजणच आहे,” असं म्हणत मॅडमनी नळ्या भाज्यांच्या मागे सरकवल्या.

परवा कॉलेजातल्या यीस्टमध्ये भलतेच जंतू शिरले. सगळा साठा फेकावा लागला, मुलांचे प्रोजेक्ट अडले. संध्याकाळी मॅडम आमच्या दारात. चेहऱ्यावर काळजीचं नाव नाही.

“आजी, आमचं विरजण नासलं. थोडं देता का?”

सासूबाईंनी दोन्ही नळ्या आणून दिल्या. मॅडमनी एक घेतली आणि दुसरी त्यांच्या हातात परत ठेवली. “घरातलं सगळं विरजण कुणी नेतं का?”

त्या गेल्यावर सासूबाईंनी ती नळी दह्याच्या भांड्याला टेकवून ठेवली. “हितं ऱ्हाऊ दे. भाज्यांमागं ध्यान ऱ्हात न्हाई.”