पहाटेची आरोळी: खर्डीची ठमाबाई

ठमाबाई, तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून हे पत्र बोलल्यासारखंच लिहितेय. हल्ली खर्डीला गेलं की लोक छाती फुगवून सांगतात, आमचं गाव नोकरदारांचं! कुणी केलं ते नोकरदारांचं, ते मला विचारा म्हणावं. माझे वडील तिथले स्टेशनमास्तर, आणि मी रोज पहाटे तुझ्या आरोळीने जागी होत असे. नको असताना.

तीस साली कल्याणला कामाला जाणारे गावात तिघेच. घड्याळ एकच, तेही स्टेशनात. पण तुझं घर रुळांना लागून. पहाटेची मालगाडी पुलावर धडधडली की पॅसेंजरला तासभर उरला, हे तुला नवी नवरी असल्यापासून पाठ. म्हणून त्या तिघांनी सांगितलं, आमाला उठव. तिघांचे दहा झाले, लढाई सुरू झाली तसे चाळीस. तू काठीने दारं बडवत फिरायचीस.

"बुधू, ऊठ रे! तुज्या जागी काय बायको जानार कल्यानला? अनंता, पास घेतलास का? काल पास ठेवून कोयता घेऊन गेल्तास!"

"आलो गो ठमे, वरडू नको! तुज्या गोमाला उठव."

"तो शेतकरी हाय. त्याला सूर्य उठवतो!"

मग त्रेचाळीसचा वैशाख आला. तुझ्या नवऱ्याच्या, गोमाच्या, छातीत आदल्या दिवसापासून दुखत होतं. पहाटे तुझा एकुलता एक लखमा म्हणाला, "आये, बा बरा नाय. आज ऱ्हातो." तू त्याचं पांघरूण ओढलंस. "मी सगल्या गावाला उठवते, नि माजाच पोर निजून ऱ्हातो? लोक तोंडात शेन घालतील माज्या." हे तूच मला मागून सांगितलंस, नाहीतर मला कसं कळणार?

दहाच्या सुमारास गोमा गेला.

वडिलांनी कल्याणला निरोप धाडला, पण तिथल्या एवढ्या गोदामांतून एक लखमा कोण शोधणार? शेती करणारे जे थोडे पुरुष उरले होते ते शेणव्याला लग्नाला गेलेले. तू उन्हात पुन्हा फेरीला निघालीस. तीच दारं, तीच काठी.

"बाप्या हाय का गो कोनी घरात?"

"नाय गो ठमे. तूच तर धाडलास."

कुणी टोचून बोललं नव्हतं, खरं तेच सांगत होतं. चाळीस घरांत मिळाला वाळू नावाचा एक आंधळा आणि दोन म्हातारे, त्यांना स्वतःचंच ओझं. बायांनी तिरडी उचलायची नाही, प्रेतामागे वेशीबाहेर जायचं नाही, ही रीत. म्हणून तुम्ही बाया पुरुषांना कल्याणहून परत आणणाऱ्या चारच्या गाडीची वाट पाहत बसलात. चार वाजले, पाच वाजले. वडील बाहेर येऊन म्हणाले, लष्कराच्या गाड्या सोडताहेत, पॅसेंजर खाली कल्याणकडेच अडवलीय. सूर्य डोंगराकडे झुकला. त्या उकाड्यात प्रेत सकाळपर्यंत ठेवणं शक्यच नव्हतं.

तू उठून बांबूला हात घातलास. "बाईजा, ये इकडं."

"आपन? बाया?"

"मग काय मालगाडीत घालू त्याला?"

तू, शेजारची बाईजा, राही आणि जना. चौघींनी गोमाला खांद्यावर घेतलं. विस्तवाचं मडकं बाप्यानेच धरायचं, म्हणून ते आंधळ्या वाळूच्या हातात दिलं, आणि त्याला वाट दाखवायला पुढे चालणाऱ्या शेजारच्या लहानीच्या पदराचं टोक त्याच्या दुसऱ्या हातात. असं तुम्ही फाटक ओलांडून ओढ्याकाठच्या मसणात गेलात. मी फलाटावर आ वासून उभी. सोळा वर्षांची होते, धडधाकट होते. हात लावला नाही. मास्तरांची मुलगी ना मी!

दिवेलागणीला गाडी आली. चाळीस पुरुष उतरले आणि ओढ्याकडचा धूर बघत जागच्या जागी थिजले. लखमा धावत गेला. तुझ्यापुढे उभा राहून एवढंच म्हणाला, "आये, मला उठवलास कशाला?"

दुसऱ्या दिवशी मालगाडी पुलावरून गेली, आरोळी आली नाही. सगळ्यांची गाडी चुकली. तिसऱ्या दिवशी तू पुन्हा काठी घेतलीस. न घेऊन सांगतेस कुणाला, लोकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. लखमा मात्र बाईजाच्या ओटीवर निजायला गेला. तिथे आलीस की तुझी आरोळी बंद. बाईजा त्याला हलवून उठवायची.

पंचेचाळीस साली मी पुण्याला कॉलेजात निघाले, तेव्हा तू फलाटावर आलीस. "ताय, पुन्याहून गजराचं घड्याल आन गो. लखमाला. माज्या आरोलीनं तो उठत नाय. घड्याल आसलं तर घरी निजंल."

"आणते," मी म्हटलं.

घड्याळाचं दुकान माझ्या कॉलेजच्या वाटेवरच होतं. चार वर्षं मी त्याच्यावरून गेले. पहिल्या सुट्टीत विसरले, दुसऱ्या सुट्टीत तुला टाळलं. तिसऱ्या सुट्टीत तू स्टेशनावर भेटलीस, माझ्या ट्रंकेकडे पाहिलंस आणि विचारलंच नाहीस.