पाय दुखणारी नायिका

इस्त्री उभ्यानेच करायची असते. बसलं की खांद्याचं वजन कापडावर उतरत नाही. लॉन्ड्रीत एकवीस वर्षं ती तशी उभी होती. तिला सगळे कडकताई म्हणत, कारण कॉलर आणि माणूस दोन्ही ती एकाच दाबाने सरळ करी. संध्याकाळी मात्र कडकताईचे पाय टम्म फुगत आणि चपलेचे पट्टे सोडून ती कशीबशी घर गाठी.

लॉन्ड्रीसमोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक विधुर. चार महिन्यांत त्याने पाच-सहा वेळा विचारलं होतं, "नदीपर्यंत चक्कर मारू या?" दर वेळी ती म्हणाली, "वेळ नाही." वेळ ढीगभर होता. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर कुणी फिरायला बोलावतंय आणि आपण त्याच्यापुढे दुखणी काय मांडायची? परवा तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या मनात नसेल, तर आता नाही विचारणार."

"घालवा हातचा माणूस आणि बसा हात चोळत," भावजय म्हणाली.

"पाय चोळत," ती म्हणाली.

थिएटरचे पडदे लॉन्ड्रीत धुवायला येत, म्हणून मॅनेजरने दोन पास दिले होते. बुधवारी, सुट्टीच्या दुपारी, दोघी गेल्या. अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातली प्रेमकथा. सिनेमा काढणाऱ्यांकडे पैसा बेताचाच असणार. नायिकेकडे दोनच शर्ट, त्यातल्या एकाची कॉलर धड दाबलेली नाही. ती वाण्याच्या दुकानात दिवसभर गल्ल्यावर उभी, तो लोकांची छपरं दुरुस्त करणारा. गाणं नाही, मारामारी नाही. अर्ध्या तासात भावजय घोरू लागली.

मग दुकान बंद करून नायिका पायरीवर बसली. तिने बूट काढले, मोजे खाली सरकवले. घोट्याभोवती लाल वळ. कॅमेरा तिथून हलेचना. आजवर पडद्यावर प्रेमात पडलेल्या बायका धावत सुटायच्या. ही बसली होती. रस्त्यापलीकडे छपरवाला उभा होता. त्याने पाहिलं. ट्रक सुरू केला आणि मागे घेत घेत अगदी पायरीशी आणून लावला.

कडकताईला रडू फुटलं. ज्याला हे सुचलं, तो दिवसभर उभं राहिलेल्या बाईशेजारी कधीतरी नक्की बसला असणार. शेवटी नावं भराभर वर गेली. एकही वाचता आलं नाही, तरी दिवे लागेपर्यंत ती हात जोडल्यासारखी बसून राहिली.

"वन्सं, काय होतं हो त्यात? काहीच तर झालं नाही."

"तू झोपलीस तेव्हा झालं."

भावजयीला घरी धाडून ती थेट चष्म्याच्या दुकानात गेली. तो काच घासत होता.

"मला वेळ असतो," ती दारातूनच म्हणाली. "पण संध्याकाळी पाय सुजतात. नदी झेपत नाही."

त्याने काच खाली ठेवली. "म्हणजे मी नको होतो, असं नाही?"

"नदी नको होती."

"अहो, मग बोलायचं की! माझा गुडघा तरी कुठे धड आहे? जोड्या नदीवर जातात, म्हणून मी आपलं म्हटलं."

ती इतकी हसली की चौकटीला टेकावं लागलं. मग तिने सिनेमाचं सांगितलं, पायरीशी लागलेल्या ट्रकपर्यंत.

"सहाचा खेळ आहे का?" त्याने विचारलं. "तिथे नुसतं बसायचंच असतं."

"आहे. पण झोपायचं नाही."