ग्रीसचे आठ ठसे
काल पंपाचं ग्रीस बोटांना लागलं आणि त्या वासासरशी दुष्काळातली एक दुपार आठवली. आमच्या वसाहतीला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, आणि नेमका पाळीच्या दिवशी सकाळी मुख्य पाइपाचा व्हॉल्व्ह तडकलेला दिसला. पाच वाजता पाणी सुटणार होतं. वसाहतीत इंजिनिअर मीच, म्हणून माप मी लिहून दिलं: सहा इंची, कडेला आठ भोकं. फिटरनं तसा व्हॉल्व्ह आणला, पण दोन बोल्ट कसेबसे गेले आणि बाकीचे अडले. "भोकं आठच हायेत साहेब, पण लाईन जुन्या मापाची दिसती. घासून मोठी करू," तो म्हणाला. मी नको म्हणालो, कारण दाब आला की सांधा तिथंच गळला असता. रिकामे हंडे ओट्यावर मांडत शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सर, तुमचा बी हिशेब चुकतो व्हय?" चुकलाच होता. मी भोकं मोजली, पण ती ज्या वर्तुळावर होती त्याची रुंदी मोजली नव्हती. तिच्यात पाच मिलिमीटरचा फरक निघाला. मग पाइपाच्या तोंडाला ग्रीस फासून वर्तमानपत्राचं पान दाबलं. भोकांचे आठ गोल त्यावर उमटले. तो कागद घेऊन मी स्वतः फिटरच्या गाडीवर मागं बसलो. दुकानातल्या चौथ्या व्हॉल्व्हवर ठसे बरोबर जुळले. पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा बोल्ट आवळला. पाणी आलं आणि सांधा कोरडाच राहिला. मावशींनी त्यांचा पहिला हंडा माझ्या दारात आणून ठेवला. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे. कडेला वर्तुळाचं माप लिहिलंय, दोनदा मोजून.